विहिरीतली बुडी आणि समुद्रातली बुडी

समुद्र आणि येरमाळा यांचा तसा अर्थाअर्थी संबंध नाही. आपले गाव बालाघाटच्या डोंगराळ पठारावर, समुद्र चार-साडेचारशे किलोमीटर दूर, आणि पाण्याचे खोल दर्शन घ्यावयाचे तर ते विहिरीतच. तरीसुद्धा अलीकडे सूचनाफलकावर सहलीचा कागद लागला की मालवणचे नाव पहिल्यांदा निघते. मालवण म्हटले की सिंधुदुर्ग किल्ला आणि किल्ला म्हटला की त्याच्या भोवतालच्या पाण्यात तोंडात नळी धरून मासे पाहणे. गेल्या वर्षी जाऊन आलेल्यांची छायाचित्रे साऱ्या वर्गाच्या मोबाइलवर फिरत आहेत. छायाचित्रात सगळे सोपे दिसते. भूगोलाच्या सरांनी मला सांगितले, "सोपे आहे की नाही ते नीट शोधून काढ आणि सहलीचा आराखडा करून आण." त्या आराखड्याच्या निमित्ताने जे वाचले, जे विचारून घेतले आणि जे गावातच सापडले ते या लेखात मांडीत आहे.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा केला पाहिजे, कारण आपल्याकडे दोन्ही प्रकारांना सर्रास 'स्कूबा' म्हटले जाते. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात आखूड नळी आणि पायांना रबरी पंख एवढ्यावर जी बुडी मारतात ती साधी बुडी. तिला इंग्रजीत स्किन डायव्हिंग म्हणतात. पाण्यावर पालथे तरंगत नळीने श्वास घ्यावयाचा आणि काही पाहावेसे वाटले तर श्वास रोखून खाली जाऊन यावयाचे. स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखालीच श्वास घेत राहणे. फ्रान्समध्ये १९४३ साली जॅक कुस्तो हा नौदलातील अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता या दोघांनी मिळून हे साधन व्यवहारात आणले. टाकीतील हवा प्रचंड दाबाखाली असते. ती जशीच्या तशी तोंडात आली तर छाती फुटेल. या दोघांनी बसविलेली झडप श्वास ओढताच उघडते आणि भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब तेवढ्याच दाबाची हवा सोडते. सारी करामत त्या झडपेत आहे.

टाकीत प्राणवायू असतो असे वर्तमानपत्रेही लिहितात. तसे नाही. तिच्यात आपण आता घेत आहोत तीच साधी हवा, गाळून आणि दाबून भरलेली असते. शुद्ध प्राणवायू पाण्याखाली सहा मीटरच्या पलीकडे विषासारखा होतो आणि माणसाला झटके येऊ शकतात. बारा लिटरच्या टाकीत हवा वातावरणाच्या दोनशे पट दाबाने भरली तर ती दोन हजार चारशे लिटर झाली. माणसाला मिनिटाला वीस लिटर लागते असे धरले तर पृष्ठभागावर ही शिदोरी दोन तास पुरेल. पण दहा मीटर खाली दाब दुप्पट असल्यामुळे प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा लागते, म्हणून ती एक तासच पुरते. वीस मीटरवर चाळीस मिनिटे. शिवाय पाव भाग राखून ठेवूनच वर यावयाचे असते. घाबरलेला माणूस धापा टाकतो आणि तीच टाकी निम्म्या वेळात रिकामी करतो. पोहण्यात वाकबगार असलेल्या पण घाबरट माणसापेक्षा शांत स्वभावाचा माणूस पाण्याखाली अधिक वेळ राहतो, त्याचे कारण हे आहे.

आता विहिरीकडे वळते, कारण या लेखाचे खरे मर्म तिथे आहे.

आमचे थोरले काका पंचक्रोशीत फूटव्हॉल्व्ह काढण्यासाठी प्रसिद्ध होते. विहीर तुडुंब भरलेली असताना मोटारीचा फूटव्हॉल्व्ह अडकला, पोहरा पडला किंवा एखादे भांडे गेले की काकांना बोलावणे येई. सहा परस पाणी, म्हणजे छत्तीस-एक फूट. काका काठावर बसून दहा-वीस जोरजोराचे श्वास घेत, शेवटचा भरून घेत आणि सूर मारीत. मिनिट-दीड मिनिटाने डोके वर येई. मोबदला म्हणून नारळ आणि चहा. आज त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. तरुणपणी एका बुडीत कानात कळ आली, वर आले तेव्हा कानातून रक्त येत होते. पुढे पू झाला आणि तेल घालून घालून कान गेला. पाणबुड्याचे कान जायचेच, असे गावात सगळे समजतात.

ते जायचेच असे नाही. कानाच्या पडद्याच्या आत हवेची एक लहान पोकळी असते आणि तिथून एक नळी घशात उतरते. खाली जाऊ लागलो की पाणी पडद्याला बाहेरून आत ढकलते. आतली हवा तेवढीच राहिली तर पडदा ताणतो, दुखतो आणि शेवटी फाटतो. उपाय असा की नाक चिमटीत धरावयाचे, तोंड मिटावयाचे आणि नाकातून हलकेच हवा फुंकल्यासारखे करावयाचे. घशातून हवा कानात जाते, 'टक्' असा आवाज होतो आणि पडदा जागेवर येतो. इटलीतील शरीरशास्त्रज्ञ वाल्साल्वा याच्या नावाने ही युक्ती ओळखली जाते. त्याने ती अठराव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवली आहे. दुखू लागल्यावर ती करून उपयोग नाही. दुखण्यापूर्वी, पाण्याखाली गेल्यापासून हातभर उतरले की एकदा, अशी करीत राहिले पाहिजे. सर्दी झाली असेल तर घशातली नळी सुजलेली असते आणि हवा जात नाही, म्हणून सर्दीत बुडी मारावयाची नाही. कान उघडत नसेल तर थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करावयाचा, जोर लावावयाचा नाही. पोहण्याचा साधा चष्मा का चालत नाही तेही यातून कळते. मुखवट्यात नाक झाकलेले असते, त्यामुळे नाकाने थोडी हवा आत सोडून मुखवट्यातील दाबही सारखा करता येतो. चष्म्यात ती सोय नाही आणि डोळे ओढल्यासारखे होतात.

हे मी काकांना करून दाखविले. त्यांनी उजव्या बाजूने ऐकले, नाक धरून पाहिले आणि म्हणाले, "आन् हे इतकी वरसं कुनीच सांगितलं न्हाई व्हय, पोरी?" यावर काय उत्तर द्यावयाचे?

काकांची दुसरी सवय आणखी घातक होती, आणि आपल्या वसतिगृहातील पट्टीचे पोहणारे तीच अभिमानाने सांगतात. बुडीपूर्वी जोरजोराने श्वास घेतल्याने प्राणवायूचा साठा वाढतो असा समज आहे. प्रत्यक्षात प्राणवायू फारसा वाढत नाही. शरीरातला कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो. श्वास कोंडल्याची जी तगमग होते ती प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, तर हा वायू वाढल्यामुळे होते. तो आधीच काढून टाकला तर तगमग उशिरा होते, दरम्यान प्राणवायू संपतो आणि माणूस कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध होतो. बहुधा वर येताना, पृष्ठभागापासून हात-दोन हात अंतरावर. चांगला पोहणारा विहिरीत बुडाला की आपल्याकडे 'पाण्याने ओढला' असे म्हणतात. त्यांतील काही तरी असे गेले असतील.

हे झाले साध्या बुडीचे. स्कूबात विहिरीची सवय नेमकी उलटी बसते. काकांनी काठावर पाच लिटर हवा छातीत भरली. तेहतीस फुटांवर, म्हणजे दहा मीटरवर, दाब दुप्पट झाल्याने ती दाबून अडीच लिटर झाली. वर येताना ती फुगून पुन्हा पाचच लिटर झाली. म्हणजे काकांनी श्वास रोखून वर यावे यात काही धोका नाही. आता टाकी पाठीवर घेतलेल्या माणसाचे पाहा. त्याने दहा मीटरवर पाच लिटर हवा घेतली, ती दुप्पट दाबाची आहे. काही कारणाने तो घाबरला, लहानपणीच्या सवयीने श्वास घट्ट रोखला आणि वर निघाला. वर येईतो त्या हवेला दहा लिटर जागा हवी. फुप्फुसाला तेवढी जागा नाही. फुप्फुस फाटते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम आपण अकरावीच्या पुस्तकात पाठ करून विसरलो, तो हाच. दाबातला हा सर्वांत मोठा फरक पहिल्या दहा मीटरांतच असतो, तेव्हा "आम्ही काही फार खोल जात नाही" या म्हणण्याला अर्थ नाही. स्कूबाचा पहिला नियम एका ओळीचा आहे: श्वास कधीही रोखू नये. मला भीती वाटते ती पोहता न येणाऱ्यांची नव्हे. ते शिक्षकाचा हात घट्ट धरून ठेवतील. भीती आहे ती मुटका मारून विहिरीचा तळ गाठणाऱ्या आपल्या वीरांची, कारण त्यांचे अंग श्वास रोखण्यालाच शिकलेले आहे.

नळीविषयी एक गंमत सांगते. आमच्याकडे मुले पपईच्या पोकळ देठाने विहिरीत बुडून श्वास घेण्याचा खेळ करतात आणि प्रत्येकाला केव्हा ना केव्हा वाटते की देठ लांब असता तर तळाशी बसता आले असते. नाही बसता येणार. मीटरभर खाली गेले तरी छातीवर बाहेरून पाण्याचा एवढा भार येतो की वरची साधी हवा आत ओढायला बरगड्यांचे स्नायू पुरे पडत नाहीत. शिवाय लांब नळीत आपलीच सोडलेली हवा परत परत आत येते. म्हणून बाजारात मिळणारी नळी हातभरापेक्षाही आखूड असते.

आता मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सुरू केले आणि ते १६६७ मध्ये पुरे झाले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको. किल्ल्याभोवतीचे खडक पाण्याखाली पसरले आहेत आणि त्यांवर प्रवाळ वाढले आहे. १९८७ साली हा भाग मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र एकोणतीस चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यात गाभ्याचा भाग तीन चौरस किलोमीटरहून थोडा अधिक. मासेमारीवर गदा येईल या भीतीने तिथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला. आज त्याच घरांतली मुले पर्यटकांना पाण्याखाली नेतात. जवळच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे आधी तलावात सराव करून घेतात आणि नंतर समुद्रात नेतात. माझी शिफारस अशा ठिकाणाचीच आहे, कारण होडीत बसल्या बसल्या पाच मिनिटांत ऐकलेल्या सूचना आपल्या पोरांच्या डोक्यात राहावयाच्या नाहीत.

मालवणचे पाणी म्हणजे अंदमान किंवा लक्षद्वीप नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. नदीचा गाळ येतो, लाटा वाळू ढवळतात. पाच-सात मीटर अंतरावरचे दिसले तरी तो दिवस चांगला. नवशिक्यांना साधारण पाच ते आठ-दहा मीटर खोलीपर्यंत नेतात. याहून स्वच्छ पाणी कर्नाटकात मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटापाशी मिळते, पण ते आपल्याला फार लांब पडते. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभरएक किलोमीटर आत, भर समुद्रात, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक नावाची प्रवाळाची प्रचंड पाण्याखालची टेकडी आहे. तिचा माथाच वीस मीटर खोल असल्याने ते शिकलेल्या पाणबुड्यांचे काम. ज्यांना खरोखर शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी चार-पाच दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम असतो. त्यात दोनशे मीटर पोहून आणि दहा मिनिटे तरंगून दाखवावे लागते आणि उत्तीर्ण झाल्यावर अठरा मीटरपर्यंत जाण्याचा दाखला मिळतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने हे शिकून काय करावयाचे, असा प्रश्न मला एका प्राध्यापकांनी विचारला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात जे उत्खनन झाले ते पुरातत्त्वाचे होते. ज्याला पाण्याखाली जाता येत नाही त्याला तिथे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे लागते.

सहल केव्हा काढावयाची? जून ते सप्टेंबर हा प्रश्नच नाही. पावसाळ्यात हे सारे बंद असते. ऑक्टोबरपासून पाणी निवळू लागते आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. दिवस मात्र महिन्यावरून नव्हे, तिथीवरून ठरवावा. यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन उधाणाची भरती येते. पाणी जोराने आत-बाहेर करते आणि गढूळ होते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याची ये-जा सर्वांत कमी, आणि हा मंदपणा प्रत्यक्षात एक-दोन दिवस उशिराने, म्हणजे नवमी-दशमीला जाणवतो. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब फार सुंदर आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावयाची, तेवढे वाजता भरती. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात. मिनिटाचा काटा जुळणार नाही, पण अंदाजाला चोख. भरतीला बाहेरचे स्वच्छ पाणी खडकांवर येते, म्हणून तिच्या आसपासचा वेळ पाहण्यास उत्तम.

त्यात वाऱ्याचा हिशेब मिळवा. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सकाळी मंदावतो आणि जमीन तापल्यावर दुपारी खारा वारा सुटून पाण्यावर लाटा उठवितो. म्हणून बुडी सकाळीच. भरती साडेसातची, वारा दुपारचा. या दोहोंवरून पौषातली शुद्ध किंवा वद्य दशमी, सकाळी साडेसात ते दहा, अशी वेळ मी आराखड्यात लिहिली आहे. एकादशी मुद्दाम टाळली. हिशेबाने तीही चालली असती, पण निम्म्या वर्गाचा उपास, आणि रिकाम्या पोटी होडीत बसणाऱ्याला समुद्र फार लवकर लागतो. भरल्या पोटीही लागतो, तेव्हा सकाळी चहा आणि पोळी एवढेच. चैत्रात परीक्षांचे दडपण कमी असते म्हणून तेव्हा जावे असे काहींचे म्हणणे होते. पण चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा, घरोघरी पाहुणे. येरमाळ्याच्या पोराला त्या आठवड्यात कोण सोडणार? शिवाय पौर्णिमा म्हणजे उधाण आलेच.

यात्रेवरून आठवले. पौर्णिमेच्या पालखीला आपण शेतातले चुनखडीचे खडे वेचतो. प्रवाळही त्याच पदार्थाचे, कॅल्शियम कार्बोनेटचे बनते. आपल्या काळ्या रानातली चुनखडी मातीत तयार झालेली आहे, तिचा समुद्राशी संबंध नाही. आणि प्रवाळ हे बारीक जिवांच्या वसाहतीने रचलेले घर आहे, त्यातले काही प्रकार वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. एका पायाच्या धक्क्याने मोडलेला तुकडा भरून यायला आपले सगळे शिक्षण संपेल. २००१ पासून प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे, संरक्षण आहे. तेव्हा येरमाळ्यात खडे वेचावेत, मालवणात एकही उचलू नये, त्यावर उभे राहू नये आणि माशांना पाव टाकून छायाचित्रासाठी गोळा करू नये.

पाण्याखाली काय दिसेल त्याविषयी थोडेसे. वस्तू आहे त्याहून जवळ आणि सुमारे एकतृतीयांशाने मोठी दिसते, त्यामुळे मोठा मासा पाहिल्याच्या गोष्टी निम्म्यानेच घ्याव्यात. तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच हरवतो. आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने येतो, म्हणून होडी कोणत्या बाजूने येते ते कानांना कळत नाही. वर येताना मान वर करून आणि एक हात उंच धरून यावे. बोलता येत नाही, खुणा कराव्या लागतात. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे ठीक आहे. आपण 'मस्त' म्हणून जो अंगठा वर करतो त्याचा अर्थ तिथे 'मला वर न्या' असा आहे. आनंदाच्या भरात अंगठा दाखवून दोन मिनिटांत वर आणले गेलेले पर्यटक तिथे दररोज असतात म्हणे, आणि शिक्षकाचे त्यात काही चुकत नाही.

आता नको असलेला पण टाळता न येणारा विषय. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या महाविद्यालयाच्या सहलीतील ८ जण गेले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची होडी किनाऱ्याजवळ उलटून दोघे मरण पावले. यांतील एकही माणूस पाण्याखाली बुडी मारताना गेलेला नाही. पहिले दोन प्रसंग किनाऱ्यावरून पाण्यात उतरल्याचे आणि तिसरा होडीचा. आराखडा करताना मला सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट हीच ठरली. ज्याची भीती वाटते तिथे एका विद्यार्थ्यामागे एक शिक्षक असतो. ज्याची वाटत नाही त्या किनाऱ्यावर चाळीस जण मोकळे सुटलेले असतात. विहिरीला काठ असतो, पायऱ्या असतात आणि पाणी जागेवर असते. समुद्रात गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची वाळू परतीची लाट ओढून नेते, आणि भरती-ओहोटीचे ओढ घेणारे प्रवाह वरून दिसत नाहीत. म्हणून मी आराखड्यात बुडीपेक्षा अधिक ओळी किनाऱ्यासाठी लिहिल्या आहेत. संध्याकाळी कोणी पाण्यात उतरावयाचे नाही. किनाऱ्यावर जाताना आणि परतताना हजेरी. होडीत पाय ठेवण्यापूर्वी तरंगजाकीट अंगावर आणि किनाऱ्यावर उतरेपर्यंत ते तसेच. होडीवाल्याने ठरलेल्या संख्येपेक्षा एक जरी माणूस अधिक घेतला तर आपण उतरावयाचे, मग पैसे बुडाले तरी चालतील.

बुडीपूर्वी प्रकृतीविषयी एक कागद भरून घेतात. दमा, फेफरे, हृदयविकार, कानाच्या पडद्याला छिद्र, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर खरे लिहावयाचे आणि डॉक्टरांनी लेखी संमती दिल्याशिवाय उतरावयाचे नाही. मैत्रीण उतरते म्हणून आपणही खोटी सही करावी, असला हा प्रसंग नव्हे. आमच्या वर्गात अठरा मुली आहेत, पोहता येणाऱ्या तीन. गावात मुलाने विहिरीत उडी मारली की कौतुक होते. मुलगी काठाशी वाकली तरी ओरडा बसतो. त्यामुळे मुलींनी किल्ला पाहावा आणि मुलांनी बुडी मारावी अशी एक सूचना आली होती. मी ती आराखड्यात घेतली नाही. शिक्षकाच्या हाताला धरून जी पहिली बुडी मारतात तिला पोहता यावेच लागते असे नाही. शांत राहणे, सांगितलेले ऐकणे आणि श्वास चालू ठेवणे एवढे लागते, आणि त्यात मुली कुठे कमी पडतात? मासिक पाळी ही अडचण नव्हे, हेही स्पष्ट लिहिते, कारण तो प्रश्न मला दबक्या आवाजात सातजणींनी विचारला. होडीसाठी आणि पुढच्या आयुष्यासाठी मात्र पोहणे आलेच पाहिजे. त्या तिघींनी आणि मी मिळून दिवाळीनंतर एका मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर रविवारचा वर्ग सुरू केला आहे. विहीर काकांच्या ओळखीची, काठावर दोर, भोपळा आणि स्वतः काका. सध्या नऊजणी येतात.

उरला परतीचा प्रश्न. टाकीतील हवेत चार-पंचमांश नायट्रोजन असतो. दाबाखाली तो रक्तात आणि चरबीत विरघळतो, आणि वर येताना सावकाश बाहेर पडावा लागतो. घाई केली तर गोळीसोड्याची बाटली फोडल्यावर जसा फेस येतो तसे बुडबुडे अंगात उठतात. सांधे धरतात, कधी अर्धांगवायू होतो. जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये यासाठी पहिली कोष्टके दिली. त्या शेळ्या उस्मानाबादी नसाव्यात. त्याचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन बापाच्या प्रयोगांत स्वतः पाण्यात उतरला आणि पुढे मोठा जीवशास्त्रज्ञ होऊन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाला. या विकारावर उपचार करणारे दाबकक्ष देशात मोजक्याच ठिकाणी, त्यांतले काही नौदलाकडे आहेत. म्हणून मिनिटाला नऊ-दहा मीटरहून अधिक वेगाने वर यावयाचे नाही, आणि बुडीनंतर किमान अठरा तास विमानात बसावयाचे नाही.

विमानाचा आपल्याला काय संबंध, असे वाटेल. पण उंचीवर हवेचा दाब कमी होतो तो विमानातही आणि घाटातही. मालवणहून निघालेली बस गगनबावड्याने चढो की फोंडा घाटाने, दीड-दोन तासांत ती समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास जाते, आणि त्यानंतर आपण खाली येतच नाही. कोल्हापूर, मिरज, पंढरपूर, बार्शी असे करीत पुन्हा पठारावरच. आठ मीटरच्या एका छोट्या बुडीने काही व्हावयाचे नाही हे खरे. तरी दशमीला सकाळी बुडी आणि दुपारीच घाट, असे मी ठेवलेले नाही. त्या दिवशी विश्रांती आणि संध्याकाळी मालवणची बाजारपेठ. एकादशीला सकाळी उपासवाल्यांनी साबुदाणा खाऊन सगळ्यांनी किल्ला पाहावयाचा, मग जेवून घाट. जाताना नवमीचा दिवस प्रवासाचा धरला आणि रात्रीचा प्रवास टाळला, कारण रात्रभर बसमध्ये जागलेल्याला सकाळी पाण्यात उतरविणे बरे नव्हे. एकादशीच्या रात्री पंढरपुरात गर्दी असेल, म्हणून मुक्काम मिरजेला. एसटीचा प्रासंगिक करार तीन नव्हे, चार दिवसांचा करावा लागेल. शैक्षणिक सहलीला भाड्यात सवलत आहे, तरी चौथ्या दिवसाचा खर्च वाढतोच. तो कमी करावा म्हणून कार्यालयाने आराखडा परत पाठविला होता. मी त्यावर हॉल्डेनच्या शेळ्यांची हकीगत अर्ध्या पानात लिहून तो पुन्हा सरांकडे दिला आहे.